चौथी पाटी

फाटकावरची पाटी मी आजवर चारदा बदलली.
पहिली लाकडी, कौन्सिलची; तिच्यामागे चिमण्यांचं घरटं होतं.
दुसरी निळी. तिसरीवर एक झाड,
झाडाखाली 'एकत्र, उंच' असलं काहीतरी.
ही चौथी. ट्रस्ट नवा, रंग जांभळा,
स्क्रूची भोकं मात्र तीच.

वर्किंग्टनच्या या शाळेचा मी केअरटेकर.
माझ्याकडे सदतीस किल्ल्या आहेत,
त्यातल्या सहा कशाच्या, ते कुणालाच ठाऊक नाही.
अकरा वर्षांत सात मुख्याध्यापक पाहिले.
एकाने येऊन भिंती पाडल्या,
दुसरीने त्या परत बांधल्या.
एक तर नाताळपर्यंतही टिकला नाही;
त्याचा कप अजून स्टाफरूममध्ये आहे,
त्यातून कुणी पीत नाही.

थ्रेलकेल्ड बाई आल्या नोव्हेंबरात.
समुद्राकडून पाऊस आडवा येत होता.
भाषण केलं नाही. मला विचारलं,
"रॉलंड, या इमारतीत कुठे कुठे गळतं?"
मी दाखवलं. दोन तास लागले.
त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं,
आणि जिन्याशी बूट काढून हातात धरले,
फरशी मी नुकतीच पुसली होती.

मग रोज पावणेआठला फाटकावर.
कुणी उपाशी आलंय, कुणाचा बाप परत रिगवर गेला,
कुणाच्या दारात काल पोलीस,
हे त्यांना पोरांच्या चालीवरून कळायचं.
केझिया मॉसप रोज उशिरा यायची, धाकट्याला ओढत.
आधीच्या साहेबांनी तिच्या नावापुढे लाल फुल्या मारल्या होत्या.
बाईंनी तिच्या हातात घंटाच दिली.
वाजवायची तर वेळेवर यावंच लागतं.

हजेरी वाढली. निकाल, जरासा.
मार्चमध्ये कार्लाइलहून ट्रस्टची दोन माणसं आली,
एकाच्या हातात टॅबलेट, दुसऱ्याच्या हातात केक.
म्हणाले, तीन शाळा सांभाळा.
तिकडच्या दोन बुडतायत.
इथे आठवड्यातून दीड दिवस या.

दीड दिवस!
आमचा बॉयलरसुद्धा दीड दिवसात तापत नाही.

त्या संध्याकाळी बाई बॉयलरच्या खोलीत आल्या,
उपड्या बादलीवर बसल्या.
"नाही म्हणावं तर तिकडची चारशे पोरं.
हो म्हणावं तर हे फाटक."
सल्ला देणाऱ्यातला मी नव्हे.
एवढंच म्हणालो,
सुट्टीवर जाताना मी किल्ल्या खिशात नेत नाही.

मे महिन्यात त्या वाटू लागल्या.
फाटक मिस ओबुयाकडे,
खर्चाच्या सह्या गार्थकडे, ज्याचा हात पेन धरताना थरथरतो,
गळतीची वही माझ्याकडे.
देताना जीव खालीवर होत होता. दिसत होतं.
एखादा कागद देऊन पुन्हा मागून घ्यायच्या,
पुन्हा द्यायच्या.

ऑक्टोबरात गारा पडल्या त्या सकाळी बॉयलर बसला.
बाई मॅरीपोर्टला, फोनवर.
मिस ओबुयाचा आवाज चिरकलेला:
शाळा सोडू की ठेवू?
बाईंनी गाडी काढली नाही.
"तुम्हाला काय वाटतं?" एवढं विचारलं,
आणि पलीकडे गप्प राहिल्या.
ते गप्प राहणं त्यांना किती महाग पडलं असेल,
मला वाटतं, आमच्या बॉयलरहून जास्त.

शाळा सुटली नाही.
दोनशे दहा पोरं कोट घालून हॉलमध्ये बसली,
गार्थने थरथरत्या हाताने कोको ओतला,
निम्मा जमिनीवर.
पुसला मीच.

केझिया आता मोठ्या शाळेत गेलीय.
घंटा तिच्या धाकट्याकडे, जेम्माकडे नाही, टोबायसकडेच,
यावर वर्गात आठवडाभर भांडण झालं.
काल मंगळवार. बाई नऊ वाजून पाच मिनिटांनी आल्या,
वाटेत पूल बंद होता.
फाटक लागलेलं.
टोबायसने उशिराची वही पुढे केली.
बाईंनी नाव लिहिलं, वेळ लिहिली.
'कारण' या रकान्यापाशी जरा थांबल्या,
मग काहीतरी खरडलं.

त्याने वाकून पाहिलं, मान हलवली,
आणि वही परत दिली:
"मिस, नीट अक्षरात."